जुन्याशेजारी नवं: बेडसेच्या विहाराची समीक्षा, आणि तुमच्या सिनॉप्सिससाठी चार प्रश्न

गेल्या काही महिन्यांत पेट देणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचे विषय वाचायला मिळाले. वास्तुकला, पुरातत्त्व, पर्यावरणशास्त्र, अगदी सिव्हिलवाल्यांच्याही सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘नवी वास्तू ऐतिहासिक परिसराशी सुसंगत असावी.’ वाचायला छान आहे. पण सुसंगत म्हणजे नेमकं काय? ते कशानं मोजायचं? आणि एखादी वास्तू सुसंगत नाही असं म्हणायचं असेल, तर पुरावा कोणता द्यायचा? व्हायवात बाहेरच्या परीक्षकानं एवढंच विचारलं तरी पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

म्हणून आज एका वास्तूची समीक्षा करूया. समीक्षा म्हणजे दोष काढणं असा आपल्याकडे समज आहे. वास्तूनं काय करायचं ठरवलं, ते कितपत साधलं आणि हे आपण कशावरून म्हणतो, या तीन प्रश्नांची उत्तरं देणं म्हणजे समीक्षा. उदाहरण पवनानगरच्या वाटेवरचंच आहे: बेडसेची लेणी.

वास्तू कोणती?

कामशेतहून पवनानगरला (जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात) जाणाऱ्या रस्त्यालगत बेडसे गाव आहे. गावामागच्या डोंगरात, पायऱ्या चढून गेलं की, पूर्वेकडे तोंड केलेली लेणी लागतात. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक. इथे दोन वास्तू महत्त्वाच्या. एक चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. दुसरा, त्याच्या शेजारचा विहार, म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण.

चैत्यगृहाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. समोर खडकाचे दोन मोठे भाग तसेच ठेवलेत आणि त्यांच्यामधून अरुंद वाट काढलीय. त्या वाटेतून आत गेलं की एकदम सुमारे 25 फूट उंचीचे खांब समोर येतात. त्यांच्या माथ्यावर घंटेसारखा आकार आणि वर घोडे, बैल, हत्ती यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. फोटो सगळे याचेच काढतात. विहाराकडे येतात ते सावलीत बसून डबा खायला.

माझा विषय हा दुर्लक्षित विहार आहे. एवढ्या देखण्या वास्तूच्या शेजारी दुसरी वास्तू उभी करायची, तर कशी करायची, हा प्रश्न कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी इथे सोडवून पाहिलाय.

याला ‘विद्यालय’ म्हणता येईल का?

इथे सावध राहायला हवं. नालंदासारखं महाविहार, ठरलेला अभ्यासक्रम, शेकडो विद्यार्थी, हे चित्र पुष्कळ नंतरचं आहे. ते उचलून बेडसेवर ठेवलं तर परीक्षक तुम्हाला तिथेच थांबवेल, आणि बरोबरच करेल. विहार मुळात पावसाळ्यात एका जागी राहण्याच्या प्रथेतून, वर्षावासातून, वाढले.

पण एक छोटा, पक्का पुरावा बेडसेलाच आहे. परिसरातला एक लहान स्तूप गोभूती नावाच्या, अरण्यात राहणाऱ्या आणि भिक्षेवर जगणाऱ्या भिक्खूच्या स्मरणार्थ आहे. तो करवून घेणाऱ्यानं लेखात स्वतःला ‘अंतेवासी’ म्हटलंय. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. म्हणजे गुरू-शिष्य हे नातं इथल्या दगडावर नोंदलेलं आहे. त्यामुळे मी विहाराला ‘राहून शिकण्याची जागा’ म्हणेन, ‘विद्यापीठ’ म्हणणार नाही. शब्द पुराव्याएवढाच वापरायचा. सिनॉप्सिसमधले निम्मे वाद इथेच मिटतात.

विहार म्हणजे चौक

आता आराखडा बघा. नेहमीचा विहार कसा असतो? मध्ये चौकोनी दालन आणि तीन बाजूंना छोट्या खोल्या. नाशिकची नहपानाच्या काळातली आणि गौतमीपुत्राच्या काळातली लेणी आठवा. हे म्हणजे चौकाचं घर. आपल्या वाड्यात मधला चौक आभाळाला उघडा असतो. लेण्यात डोंगर डोक्यावर असल्यामुळे त्या चौकाला दगडाचं छत मिळतं, एवढाच फरक. खोल्या झोपायला आणि ध्यानाला. एकत्र बसणं, पाठांतर, चर्चा होणार ती चौकात.

बेडसेच्या विहारानं हा चौक चौकोनी ठेवलेला नाही. मागची बाजू अर्धगोल आहे आणि छत कमानदार, गाडीच्या ताडपत्रीसारखं. भोवतीनं खोल्या आहेत, पण त्यांची छतं सपाट. म्हणजे राहत्या घराच्या चौकाला प्रार्थनागृहाचा आकार दिलाय. असा विहार दुसरीकडे सापडत नाही, म्हणून गाईडबुकात याला ‘अद्वितीय’ म्हणतात. पण अद्वितीय हे वर्णन झालं, मूल्यमापन नाही. एखादी गोष्ट पुन्हा केली गेली नाही, कारण ती कुणाला जमली नाही, की कुणाला गरज वाटली नाही? तिथून खरी समीक्षा सुरू होते.

आधी एक उपप्रश्न. उसनवारी कुणी कुणाकडून केली? विहारावर त्याचा काळ सांगणारा लेख नाही, तेव्हा तर्क आकारावरून करावा लागतो. चैत्यगृहाच्या अर्धगोल पाठीला कारण आहे: तिथे स्तूप असतो आणि त्याला प्रदक्षिणा घालायची असते. कमानदार छताचा उगम लाकडी बांधकामात आहे. विहारात प्रदक्षिणा घालण्यासारखं मध्ये काही नाही. ज्या ठिकाणी आकाराला कारण आहे ते मूळ, आणि जिथे कारण नाही ती नक्कल, असा हा तर्क. म्हणून विहारानं चैत्यगृहाचा आकार घेतला असं म्हणता येतं.

पण थांबा. हा तर्क कुठवर जातो? आकार ‘चैत्यगृह या प्रकारातून’ आला, एवढंच यानं सिद्ध होतं. तो ‘याच, शेजारच्याच चैत्यगृहातून’ आला हे सिद्ध होत नाही, कारण अर्धगोल चैत्यगृहं मावळातच भाज्याला आधीपासून होती. दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली असणंही शक्य आहे. हा फरक तुमच्या थिसिसमध्ये एका वाक्यानं दाखवलात तर पानभर संदर्भांपेक्षा जास्त वजन पडतं.

काय जमलं

पहिली गोष्ट: विहारानं स्पर्धा केलेली नाही. चैत्यगृहासमोर जोडपी बसलेले उंच खांब आहेत. विहाराला तसले खांब नाहीत, प्राणी नाहीत. दारांवर कमानी आणि वेदिकेच्या पट्ट्या आहेत, पण त्या काळातल्या बऱ्याच विहारांत त्या दिसतात. चैत्यगृहाची मोठी, डोळ्यांत भरणारी गोष्ट न घेता विहारानं त्याचा सांगाडा घेतला. आज जुन्या वास्तूशेजारी बांधताना आपण नेमकं उलटं करतो. आतला आराखडा नेहमीच्या कॉलेजचा, मधून पॅसेज, दोन्हीकडे वर्ग, आणि दर्शनी भागावर आरसीसीची पिंपळपानी कमान. चेहरा उसना, शरीर बाजारातलं.

दुसरी गोष्ट: दोन्ही वास्तूंत शिरण्याची रीत वेगळी ठेवलीय. चैत्यगृह तुम्हाला अरुंद वाटेतून घेतं, आधी लपतं आणि मग दिसतं. विहार आज तरी समोर उभं राहिलं की आतवर दिसतो. एकाला उंबरठा लागतो, दुसऱ्याला मोकळीक. वापर वेगळा तर प्रवेश वेगळा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मधली जागा. दोन्ही वास्तूंच्या समोरून जाणारा खडकाचा पट्टा आणि त्यातली पाण्याची टाकी, म्हणजे पोढी, हे या संकुलाचं खरं अंगण आहे. बेडसेला लेख मोजके आहेत. एक चैत्यगृहाच्या ओवरीत, नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा. एक वर सांगितलेल्या गोभूतीच्या स्तूपाचा. आणि एक पाण्याच्या टाक्यापाशी, महाभोजाची कन्या सामडिनिका हिच्या दानाचा. म्हणजे मुख्य वास्तूला जसा दाता आहे, तसाच अंगणातल्या पाण्यालाही आहे, आणि त्या दात्रीचं नाव कोरून ठेवण्याइतकी ती गोष्ट मोठी मानली गेलीय. आपल्या बहुतेक ड्रॉइंगमध्ये अंगण म्हणजे बांधकाम झाल्यावर उरलेली जागा. मग तिथे पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग.

काय जमलं नाही

आता दुसरी बाजू. अर्धगोल भिंतीत चौकोनी खोल्या कोरायच्या म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक घेऊन डबे बसवण्यासारखं आहे. वक्र भिंतीवर खोल्या पंख्यासारख्या फाकत जातात. दोन खोल्यांमधली भिंत दाराशी बारीक आणि आत जाड होते, म्हणजे खडक वाया जातो, किंवा खोल्या कमी बसतात. सरळ भिंतीला हा त्रास नाही. त्याच श्रमात चौकोनी चौकाभोवती जास्त माणसं राहू शकतात.

दुसरा प्रश्न आवाजाचा. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज एकवटतो, हे साधं भौतिकशास्त्र आहे. एका सुरात पाठ म्हणायचा तर हा फायदा. पण चार जोड्या चार वेगवेगळ्या गोष्टी घोकत असतील तर तोच तोटा. चैत्यगृहात एकच क्रिया चालते, विहारात दिवसभर अनेक. एकाचा आकार दुसऱ्याला देताना आवाजाचं गणित बदललं असणार. लक्षात घ्या, ‘असणार’ हे गृहीतक झालं. ते तपासता येतं: पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून, दगडाला हात न लावता, विहारात आणि जवळच्या एखाद्या चौकोनी विहारात आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा. कुणाला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

तिसरं, कमानदार छताला इथे रचनेची गरज नव्हती. विटांच्या कमानीवर भार असतो. खडक कोरताना सपाट छतही चालतं, आणि याच विहारातल्या खोल्यांची छतं सपाटच आहेत. माझं शिक्षण भूशास्त्रातलं, त्यामुळे मी आधी खडक बघते. सह्याद्रीचा बसाल्ट थरांचा आहे. भक्कम, जाड थर मिळाला तर सपाट छत टिकतं. दोन थरांमधली लाल, ठिसूळ पट्टी लागली की पाणी झिरपतं आणि कुठलाच आकार वाचवत नाही. म्हणजे टिकाऊपणा ठरतो थराच्या निवडीवर. कमान केली ती अर्थासाठी: राहत्या, शिकत्या जागेलाही प्रार्थनागृहाची प्रतिष्ठा आहे, हे सांगण्यासाठी. स्तूप जिथे असायचा त्या टोकाला इथे माणसांच्या खोल्या आहेत. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण पुढच्या पिढ्यांनी ती घेतली नाही. नाशिकला आणि नंतर अजिंठ्याला विहारांचा मुख्य साचा चौकोनीच राहिला. अजिंठ्याच्या विहारांत तर बुद्धमूर्ती मागच्या भिंतीतल्या गर्भगृहात आली आणि चौक चौकोनी राहूनही पवित्र झाला. तोच हेतू, जास्त सोयीच्या मार्गानं साधला.

माझा निष्कर्ष असा: बेडसेच्या विहाराला शेजार छान जमला, घर अर्धंच जमलं.

उलट्या वाटेनं गेलेलं एक उदाहरण

एकच वास्तू बघून नियम काढता येत नाही, म्हणून तुलनेला एक आजची वास्तू घेऊया, तीही धर्मशिक्षणाच्या संस्थेतली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ कडस्डन गावात रिपन कॉलेज आहे. इथे अँग्लिकन धर्मगुरूंचं शिक्षण होतं. मूळ इमारत जी. ई. स्ट्रीट या वास्तुविशारदाची, 1850च्या दशकातली, गॉथिक धाटणीची. तिच्या आवारात 2013 मध्ये नाइल मॅक्लॉफ्लिन यांच्या कार्यालयानं नवं प्रार्थनागृह बांधलं. त्याच वर्षी ते स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत होतं.

इथे आराखडा लंबवर्तुळाकार आहे. बाहेरून दगड, आत लाकडी खांबांची जाळी, आणि वरच्या बाजूनं येणारा उजेड. गॉथिक टोकदार कमान, मनोरा यांपैकी काही घेतलेलं नाही. घेतलाय तो दगड, आणि कारागिरीचा आग्रह. नवी वास्तू जुनीला चिकटलेली नाही; झाडांमध्ये थोडी बाजूला उभी आहे.

बेडसेनं आकार घेतला आणि वापर बदलला. कडस्डननं वापर तोच ठेवला आणि आकार बदलला. दिशा उलट, पण दोन्हीकडे तीन गोष्टी सारख्या: उसनं घेतलं ते मोजकं, दर्शनी दागिने घेतले नाहीत, आणि मधली जागा मोकळी राहिली.

मधल्या जागेसाठी लोक रस्त्यावर येतात तेव्हा

मोकळ्या जागेवर मी एवढा भर का देतेय, असं वाटत असेल तर नागपूर आठवा. दीक्षाभूमीवरचा स्तूप शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि 2001 मध्ये खुला झाला. त्याचं बाह्यरूप सांचीवरून घेतलंय, पण सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ, लोकांनी एकत्र बसण्यासाठी. म्हणजे इथेही आकार उसना, वापर नवा. त्याच आवारात 1964 पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. ते धर्मशिक्षणाचं नाही, कला-वाणिज्य-विज्ञानाचं आहे, पण स्मारकाशेजारी विद्यालय ही रचना तीच.

1 जुलै 2024 रोजी तिथे भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. खोदकामानं स्तूपाला धोका होईल ही भीती होतीच. पण त्या जागेचा मुळातला अर्थही बघा. 14 ऑक्टोबर 1956 ला जे घडलं ते कुठल्या इमारतीत घडलं नव्हतं. मैदानात घडलं होतं. तिथे मैदान हेच मूळ स्मारक आहे, स्तूप नंतरचा. कागदावर जी ‘रिकामी जागा’ दिसते ती लोकांच्या लेखी सगळ्यात भरलेली असू शकते.

मावळात हा प्रश्न का तातडीचा

बेडसे, भाजे, कार्ले ही तिन्ही लेणी केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. 2010 च्या दुरुस्तीनंतर कायदा असा: संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घेऊन बांधकाम. हा कायदा हवाच. पण तो अंतर मोजतो. नातं मोजत नाही. 301 व्या मीटरवर डोंगर कापून सपाट केलेली जागा कायदेशीर असू शकते, आणि तरी पूर्वेचा उजेड, उतारावरचं पाणी आणि गावातून दिसणारा डोंगर या तिन्हींचं नुकसान करू शकते. उलट 150 मीटरवरचं बसकं, झाडांमधलं, पाणी मुरू देणारं बांधकाम कमी त्रास देईल.

पवना धरणाच्या भोवती आणि लोणावळ्याच्या बाजूला जमिनी कशा विकल्या जातायत हे इथल्या कुणालाही सांगायला नको. त्यात बंगले आहेत, रिसॉर्ट आहेत, आश्रम आणि साधना केंद्रंही आहेत. उद्या या डोंगराखाली एखादं धर्मशिक्षणाचं महाविद्यालय उभं राहणार असेल, तर त्याच्या आर्किटेक्टला नियम सांगणारे खूप भेटतील. नात्याबद्दल पुराव्यासह बोलणारं कुणी नसेल, कारण आपण ते मोजायला शिकलेलो नाही. ते काम तुमचं-माझं आहे.

सिनॉप्सिससाठी चार प्रश्न

‘सुसंगत’ हा शब्द खोडा आणि त्याऐवजी हे प्रश्न लिहा. प्रत्येकाला मोजता येण्यासारखं उत्तर आहे.

1. नव्या वास्तूनं जुनीकडून नेमकं काय घेतलं: आकार, साहित्य, माप, दिशा की वापर? यादी करा. ‘सगळंच’ किंवा ‘भावना’ हे उत्तर चालणार नाही.

2. जे घेतलं त्याचं जुन्या ठिकाणी कारण काय होतं, आणि नव्या ठिकाणी ते कारण शिल्लक आहे का? नसेल तर त्याची किंमत कोण देतं? बेडसेला ती वक्र भिंतीतल्या खोल्यांनी दिली.

3. मधल्या जागेत पाणी कुठे जातं, उजेड कुठून येतो, आणि वर्षातल्या कोणत्या दिवशी तिथे कोण जमतं? पहिल्या दोन्हींसाठी उपकरणं आहेत. तिसऱ्यासाठी गावात जाऊन विचारावं लागतं. बेडसेच्या विहारातच पाठीमागच्या भिंतीशी शेंदूर लावलेली देवी आहे. तिला नमस्कार करणारे लोक तुमच्या नकाशावर आहेत का?

4. तुमचं विधान खोटं ठरवायचं असेल तर काय सापडावं लागेल? विज्ञानातून आलेल्यांना हा प्रश्न सोपा वाटतो, पण वास्तूबद्दल लिहिताना आपणही तो विसरतो.

पहिल्या फेरीसाठी टेप, होकायंत्र, वही आणि एक पूर्ण सकाळ पुरते. चैत्यगृह बघून लगेच उतरू नका. विहाराच्या दाराशी बसून दोन्ही वास्तूंच्या मधल्या जागेचा एक आराखडा हातानं काढा, टाक्यांसकट. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूचं पहिलं पान तिथे सुरू होईल. कुणी काढलात तर पाठवा, पुढच्या लेखात त्यावर बोलू.